बायपोलर डिसऑर्डर : आजार समजून घेऊ, उपचाराला साथ देऊ



वर्गातलं मूल अचानक गप्प झालं की आपण विचारतो, "घरी काही झालंय का?" चौथीतल्या एका मुलीला मी असंच विचारलं. ती म्हणाली, "सर, बाबा अंथरुणातून उठतच नाहीत."

मला नवल वाटलं. कारण चारच महिन्यांपूर्वी पालकसभेत हेच बाबा उभे राहून तासभर बोलले होते. शाळेला कंपाउंड बांधून देतो म्हणाले आणि जागेवरच ११ हजार रुपये काढून दिले. सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. नंतर कळलं, ते पैसे बियाणं आणि खतासाठी ठेवलेले होते, आणि त्या आठवड्यात ते रात्री जेमतेम दोन तास झोपत होते. ज्याला मी उत्साह समजलो, तो आजार होता. त्या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, हा लेख लिहीत आहे.

बायपोलर डिसऑर्डर म्हणजे काय?

मराठीत याला द्विध्रुवी विकार म्हणतात. मन दोन टोकांना जातं. एक टोक उन्मादाचं, म्हणजे मेनिया. दुसरं नैराश्याचं, म्हणजे डिप्रेशन. मधल्या काळात माणूस अगदी पूर्वीसारखा असू शकतो. सकाळी खूश आणि संध्याकाळी नाराज, असा लहरी स्वभाव म्हणजे हा आजार नव्हे. उन्मादाची अवस्था साधारण आठवडाभर किंवा जास्त टिकते, नैराश्याची निदान दोन आठवडे, आणि बरेचदा कित्येक महिने.

उन्मादाची लक्षणे

१) झोप फार कमी, तरी थकवा नाही.
२) भराभर बोलणं, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी.
३) "मी काहीही करू शकतो" असं वाटणं, मोठमोठ्या योजना.
४) उधळपट्टी, कर्ज, अविचारी व्यवहार.
५) अडवलं की चिडणं. आजार तीव्र झाला तर भास आणि भ्रमही होतात.

नैराश्याची लक्षणे

१) कशातच रस नाही, सतत उदासी.
२) झोप आणि भूक बिघडणं.
३) अंगात त्राण नसणं, लक्ष न लागणं.
४) स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार.

काहींना पूर्ण उन्माद येत नाही, सौम्य रूप येतं. त्याला हायपोमेनिया म्हणतात. तेव्हा माणूस जास्त कामसू आणि आनंदी दिसतो, म्हणून घरचे उलट खूश होतात आणि आजार लपून राहतो.

कारणे

हा मेंदूशी संबंधित आजार आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, पण आई किंवा वडिलांना असला म्हणजे मुलाला होणारच असं नाही. अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. जागरण, मोठा ताण आणि व्यसन यांमुळे झटका येऊ शकतो. बाहेरचं लागणं, करणी, आळस किंवा संस्कार कमी पडणं यांचा याच्याशी काही संबंध नाही.

निदान : अर्धी गोष्ट सांगू नका

या कुटुंबाचं पहिलं वर्ष देवऋषी आणि गंडेदोरे यांत गेलं. मग ते एका डॉक्टरांकडे गेले. तिथे फक्त उदासीबद्दल सांगितलं. पालकसभा, उधळलेले पैसे, जागरण यातलं काहीच सांगितलं नाही, कारण तो आजाराचा भाग आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नुसतं नैराश्याचं औषध सुरू झालं आणि पुन्हा उन्माद उसळला. बायपोलरमध्ये केवळ नैराश्यविरोधी गोळ्या दिल्यास असं होऊ शकतं.

शेवटी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, "याआधी कधी झोपेशिवाय खूप जोरात होते का?" ताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर सोबत नेलं होतं. दुधाच्या हिशेबाशेजारी त्यांनी "रात्रभर जागे", "जेवले नाहीत" असं लिहून ठेवलं होतं. त्या नोंदींवरून डॉक्टरांना आजाराचा मागचा सगळा प्रवास कळला. या आजाराचं निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही. थायरॉइड वगैरे तपासण्या इतर कारणं नाहीत ना, हे पाहण्यासाठी करतात. म्हणून घरच्यांची माहिती फार मोलाची असते.

उपचार

मुख्य औषधं मन स्थिर ठेवणारी असतात. त्यातलं लिथियम सर्वांत जुनं. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग जगासमोर मांडला. आत्महत्येचा धोकाही ते कमी करतं. मात्र काही पथ्यं पाळावीच लागतात :

* रक्तातील लिथियमचं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड ठरल्या वेळी तपासावं.
* पाणी भरपूर प्यावं. मीठ एकदम बंद करू नये.
* उलट्या, जुलाब, जास्त थरथर किंवा तोल जाणं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठावा.
* अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये.
* व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी डॉक्टरांशी आधी बोलावं, पण कोणतंही औषध मनाने थांबवू नये.

औषधाच्या जोडीला समुपदेशन, ठरलेल्या वेळी झोप आणि व्यसनमुक्ती हवी. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणं ही सर्वांत मोठी चूक. या बाबांनीही ती केली, आणि ऐन पेरणीत पुन्हा दोन महिने वाया गेले.

मदत कुठे मिळते?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार सेवेची चौकशी करा. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय मनोरुग्णालयं आहेत. टेली मानस या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचार आणि गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कुणी मरणाची भाषा केली तर ती नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि दोर दूर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शिक्षक म्हणून आपण काय करू शकतो?

* चंचल मुलाला "बायपोलर" म्हणू नका. प्राथमिक वयात हा आजार क्वचितच दिसतो. बहुधा तो किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो.
* ज्याच्या घरी आजार आहे त्या मुलाला सांगा, "यात तुझी काही चूक नाही. बाबा आजारी आहेत, डॉक्टर औषध देतात."
* गृहपाठात थोडी सवलत द्या, पण वर्गात चारचौघांत कारण सांगू नका.
* स्टाफरूममध्ये "वेडा" हा शब्द वापरू नका. मुलांपर्यंत तो पोहोचतोच.

ते ११ हजार रुपये शाळा व्यवस्थापन समितीने परत केले. घ्यायला ताई आल्या होत्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "सर, आम्हाला तरी कुठं कळलं होतं?" बाबा आता शेतात जातात, दर महिन्याला गोळ्या आणतात. कधी कधी अजूनही दिवस जड जातात. पण त्या कॅलेंडरवर आता लेक टिक करते, बाबांनी गोळी घेतली की.

लेख उपयोगी वाटल्यास आपल्या पालकसभेत जरूर वाचून दाखवा.