गांजा आणि मतपेटी

प्रश्न : अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 2012 साली लोकांनी मतदानाने गांजा कायदेशीर केला. आपल्याकडे तसे होऊ शकते का? व्हावे का? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : सार्वमताने कायदा करण्याची सोय आपल्या राज्यघटनेत नाही. पण मतपेटीतून नशेचा निर्णय महाराष्ट्राला अपरिचित नाही. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ हे बंदीचे चिन्ह निवडले, की दारूचे दुकान बंद होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रभागांनाही हा हक्क आहे. दारू बंद करण्यासाठी लोकांना विचारता, तर गांजा नियमांखाली आणण्यासाठीही विचारावे, असे माझे ठाम मत आहे. अर्थात त्याआधी संसदेला 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा बदलावा लागेल. आज त्यातल्या कलम 10 खाली राज्य फक्त औषधी व शास्त्रीय वापरासाठी गांजाचे परवाने देऊ शकते.

तरुण बिघडतील, ही भीती खोटी नाही. कोवळ्या वयात गांजा मेंदूला अपाय करतो. पण चोरून विकणारा वय विचारत नाही, परवानाधारकाला विचारायला लावता येते. 1893-94 च्या ब्रिटिश आयोगानेही सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रणच सुचवले होते. आज भांगेची पाने एनडीपीएस कायद्याबाहेर आहेत, त्याच झाडाचे बोंड ओढले तर सहा महिन्यांपर्यंत कैद. ही शिक्षा आधी रद्द व्हावी. व्यसनी माणसाला उपचार हवेत, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम 64अ आजही खटल्यापासून संरक्षण देते. घरच्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.