मृगातला तेजोमेघ आणि फिका फोटो



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक मोठ्या फ्लेक्सवर छापलेला, जांभळा-निळा, झगझगीत. त्याच्यासमोर मुलांनी सेल्फी काढले. दुसरा वहीच्या पानाएवढा, करड्या आकाशावर फिकट गुलाबी डाग असलेला. पहिले बक्षीस या दुसऱ्याला मिळाले. अभिप्राय वहीत एका पालकांनी नाराजी लिहिली आहे, की मेहनतीला न्याय मिळाला नाही आणि परीक्षकांना रंगांची पारख नाही. त्यांचे उत्तर द्यायला हवे. त्याआधी माझी एक चूक कबूल करते. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर तो झगझगीत फोटो छापायला मीच निवडला होता. मूळ फोटो कुठला, कसा काढला, हे मी विचारलेच नाही. तेव्हा हा लेख पालकांसाठी जितका, तितकाच माझ्यासाठीही आहे.

आधी शब्दांचे बघू. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मी 'नीहारिका' म्हणत आले. मराठीत तेजोमेघ. ताऱ्यांच्या मध्ये पसरलेले वायू आणि धूळ यांचे हे ढग. मृगातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. शोधायला सोपा. आजी गोष्ट सांगते त्यातले हरीण, त्याच्या पोटात व्याधाने मारलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या खाली आणखी तीन बारीक ठिपके. त्यातला मधला ठिपका नीट पाहिला तर तारा वाटत नाही, पुसट वाटतो. तोच तेजोमेघ. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ याच मृगावरून लिहिला, हे मोठ्या वर्गांतल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

आता फोटो. आमच्या लहानपणी रीळ भरलेला कॅमेरा असे. फोटो काढायचा आणि स्टुडिओत धुवायला टाकायचा. आकाशाच्या फोटोचेही तसेच आहे: काढणे हे अर्धे काम, धुणे हे दुसरे अर्धे. फरक इतकाच की आता संगणकावर धुतात.

काढण्यातली मुख्य अडचण अशी की प्रकाश फार कमी आणि पृथ्वी थांबत नाही. गणित करा. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश, मिनिटाला १५ कला, आणि सेकंदाला १५ विकला. आपल्या नववीतल्या विद्यार्थिनीकडे साधा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि तिपाई होती. त्या भिंगातून तिच्या कॅमेऱ्याच्या एका चित्रबिंदूत आकाशाचा सुमारे १६ विकलांचा तुकडा येतो. म्हणजे दर सेकंदाला तारा जवळजवळ एक चित्रबिंदू सरकतो. तीस सेकंद झाकण उघडे ठेवले तर ताऱ्याची रेघ होणार. म्हणून तिने तीन-तीन सेकंदांचे फोटो काढले. एक नाही, चारशे. मांडूच्या वाटेवर मामांचे शेत आहे, तिथे डिसेंबरच्या थंडीत, आई शाल घेऊन शेजारी बसलेली. आकाश सरकते म्हणून दर पाच मिनिटांनी कॅमेरा पुन्हा मृगावर आणायचा. फोकस व्याधावर साधला. पडद्यावर तो मोठा करून पाहायचा आणि ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे भिंग सोडायचे.

चारशेच का? एका फोटोत तेजोमेघाचा प्रकाश जेमतेम असतो आणि त्यात कॅमेऱ्याची आपली खरखर मिसळलेली असते, जुन्या रेडिओत गाण्यामागे असे तशी. अनेक फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली की खरा प्रकाश प्रत्येकात तिथेच असतो, खरखर मात्र प्रत्येकात वेगळी, ती एकमेकींना खाते. फायदा वर्गमुळाच्या हिशोबाने होतो. शंभर फोटो म्हणजे दहापट स्वच्छ, चारशे म्हणजे वीसपट. शंभरावरून चारशेवर जाऊन केवळ दुप्पट फायदा! वर्गमूळ कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलांना मी हेच उदाहरण देणार आहे.

याशिवाय तिने भिंगावर झाकण लावून तितक्याच वेळाचे काळे फोटो काढले. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यात उतरतात, ते नंतर वजा करायचे. आणि पहाटे भिंगावर पांढरे सुती कापड ताणून उजळ आकाशाचे काही फोटो घेतले. त्यातून भिंगाच्या कडेचा अंधार आणि धुळीचे डाग कळतात. हे सगळे जुळवण्याचे काम डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर विनामूल्य करतात.

इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद धुण्याचा आहे.

जुळवलेले चित्र आधी जवळजवळ काळे दिसते. माहिती आत आहे, पण फार अंधारात. तिला वर उचलावे लागते, म्हणजे अंधुक भाग जास्त आणि उजळ भाग कमी वाढवायचा. हे करणे खोटे नाही. खोटे कुठे सुरू होते? माझ्या मते जिथे आपण चित्राच्या एका कोपऱ्याला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावतो, तिथे. सगळ्या चित्राला एकच वक्र लावा, तिन्ही रंगांना एकाच मापाने वाढवा, शहराच्या दिव्यांचा पसरलेला उजेड वजा करा, आणि थांबा. आकाश अगदी काळे करू नका, खरे आकाश कधी डांबरासारखे नसते आणि काळे करताना तेजोमेघाची अंधुक कडही मरते. मधल्या चार ताऱ्यांच्या झुबक्याभोवती पांढरा गोळा झाला तर समजा जास्त ओढले. ताऱ्यांभोवती काळी कडी दिसली तरी तेच. आणि काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा दिसलाच पाहिजे. हे दोन तारे त्याच मृगात आहेत, म्हणजे रंगांची परीक्षा घ्यायला परीक्षक तिथेच बसलेले आहेत. झगझगीत फोटोत काक्षी जांभळी होती. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

मग तेजोमेघाचा खरा रंग कोणता? इथे एक जुनी, आपल्याकडचीच हकिकत सांगते.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी १८८८ साली वेधशाळा उभी केली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून ती झाली, म्हणून तिला त्यांचे नाव दिले. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. तेजोमेघांचा प्रकाश लोलकातून पसरला की त्यात एक ठळक हिरवी रेघ दिसते. विल्यम हगिन्स यांना अशी रेघ १८६४ मध्ये प्रथम दिसली होती, आणि ती कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच सांगता येत नव्हते. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर म्हणत होते की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसे असेल तर रेघ एका बाजूने विरत गेलेली दिसायला हवी. लॉकियर हे फार मोठे नाव. हीलियमच्या शोधात त्यांचा वाटा, आणि पुढे १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी ते आपल्या कोकणात विजयदुर्गाला येऊन गेले. पण नाएगमवालांनी पुण्याहून मृगातला तेजोमेघ पाहिला आणि १८९१ साली कळवले, की रेघ दोन्ही कडांनी रेखीव आहे. विरत नाही. जे दिसले ते लिहिले. आपल्या इंदूरच्या होळकर कॉलेजची स्थापना झाली तेही हेच १८९१ साल.

पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडे सोडवले. ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. पृथ्वीवर हवा इतकी दाट की अणू एकमेकांवर आदळत राहतात आणि ती रेघ निघायला सवड मिळत नाही. तेजोमेघ इतका विरळ, की तिथे ती निघते. पुण्याची वेधशाळा नाएगमवालांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली.

तर मृगातल्या तेजोमेघात ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश आहे (तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर) आणि हायड्रोजनचा गडद लाल (६५६.३ नॅनोमीटर). मोठ्या दुर्बिणीतून डोळ्यांना मधला भाग हिरवट दिसतो, कारण अंधारात डोळा लाल रंगाला जवळजवळ आंधळा असतो. लहान दुर्बिणीतून तर नुसताच करडा दिसतो. कॅमेऱ्याला लाल दिसतो, पण साध्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे एक गाळणी असते, ती या गडद लालाचा बराचसा भाग अडवते. म्हणून मुलीच्या फोटोत फिकट गुलाबी रंग आला. तिने तो वाढवला नाही. परीक्षकांनी विचारले तेव्हा म्हणाली, कॅमेऱ्याने दिला तेवढाच ठेवला. "नैसर्गिक" याचा अर्थ डोळ्यांना दिसतो तसा, असा घेता येत नाही. नोंदलेल्या प्रकाशाचे आपसातले प्रमाण मोडलेले नाही, असा घ्यावा.

कोणी म्हणेल, हबल दुर्बिणीचे फोटो तर रंगवलेलेच असतात. खरे आहे. १९९५ चा तो प्रसिद्ध स्तंभांचा फोटो गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग देऊन केला होता. पण ते सांगून केले होते. नकाशात मध्य प्रदेश पिवळा आणि महाराष्ट्र हिरवा असतो तेव्हा कोणी फसत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश लागतच नाही, तिच्या चित्रांना रंग द्यावाच लागतो.

झगझगीत फोटो आणणाऱ्या आठवीतल्या मुलावर कोणी रागावू नये. त्याने फोनवरून एक फोटो काढला आणि एका अ‍ॅपमध्ये घातला. अ‍ॅपने मृग ओळखला आणि इतरांच्या फोटोंवरून शिकलेला तेजोमेघ त्यावर काढून दिला. त्याला हे ठाऊकच नव्हते. परीक्षकांनी दोघांना एकच प्रश्न विचारला: तुमचे मूळ फोटो दाखवा. मुलीने पेनड्राइव्ह दिला. मग तिनेच एक गोष्ट करून दाखवली, ती मला फार आवडली. चारशे फोटोंचे दोन ढीग केले, सम क्रमांकाचे आणि विषम क्रमांकाचे. दोन्ही वेगवेगळे जुळवले. जी तंतूसारखी रेषा दोन्ही चित्रांत होती ती आकाशातली. जी एकातच होती ती खरखर. मुलाच्या एकुलत्या फोटोत तेजोमेघाच्या जागी पाच-सहा पुसट चित्रबिंदू होते. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. आता तो यंदाच्या चमूत आहे, कॅमेरा हलवण्याचे काम त्याने मागून घेतले.

पालकांसाठी सूचना. डिसेंबरच्या अमावास्येच्या सुमारास आपण मुलांना महूच्या पलीकडे नेणार आहोत. मध्यरात्रीच्या सुमारास तेजोमेघ दक्षिणेला सुमारे ६२ अंश उंचीवर येईल. ९० मधून इंदूरचे अक्षांश २२.७ आणि तेजोमेघाची क्रांती ५.४ वजा करा, उत्तर मिळेल. स्वेटर, कानटोपी आणि लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी द्यावी. पांढरी नको, अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात.

विश्वस्त मंडळींनी दुर्बिणीसाठी निधी देऊ केला आहे, त्याबद्दल आभार. पण माझी मागणी आधी वेगळी आहे. शाळेच्या मैदानावरचे चार मोठे दिवे रात्रभर जळतात आणि निम्मा उजेड वर जातो. त्यांना वरून झाकणी बसवावी आणि रात्री दहानंतर दोन बंद ठेवावेत. चौकीदाराशी माझे बोलणे झाले आहे, त्याची हरकत नाही.

– प्राचार्या