निवृत्त लष्करी रायफल: संग्रह की चांदमारी?

एखाद्या देशाचे सैन्य नवे शस्त्र स्वीकारते तेव्हा कोठारांत उरलेली जुनी शस्त्रे ते वितळवते, मित्रराष्ट्रांना देते किंवा घाऊक व्यापाऱ्यांना विकते. यांपैकी तिसऱ्या वाटेने नागरी बाजारात येणाऱ्या शस्त्रांना ‘सरप्लस’ म्हणतात, आणि संग्राहकांचा सर्वाधिक जिव्हाळा लाभला आहे तो त्यांतील बोल्ट रायफलींना, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी फिरवून व मागे ओढून रिकामे काडतूस ज्यांतून बाहेर काढावे लागते अशा रायफलींना. अशी रायफल घेऊन पस्तावलेल्यांच्या तक्रारी वरवर निरनिराळ्या दिसतात, कोणाची नळी आतून गंजलेली निघते, कोणाचे शिक्के बनावट ठरतात, तर कोणाच्या चेंबरमध्ये काडतूस फाटते. परंतु बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गफलत आढळते, ती ही की संग्रहात ठेवण्याची रायफल आणि चांदमारीला नेण्याची रायफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पैसे मोजण्यापूर्वी ठरलेले नसते.

भारतात राहणाऱ्या वाचकापुरता हा प्रश्न कायद्यानेच जवळजवळ मिटवला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली केलेल्या १९६२ च्या नियमांनी .३०३ इंच आणि ७.६२ मिलिमीटर या लष्करी मापांची काडतुसे उडवू शकणाऱ्या बोल्ट रायफली, इतकेच नव्हे तर .४१० इंची मस्कटही, सर्वसामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. लष्करी मापाचे काडतूस नागरिकाच्या हाती पडू नये हे धोरण ब्रिटिश अमलापासून चालत आलेले असून, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची नागरी .३१५ इंची स्पोर्टिंग रायफल ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच रचनेची असूनही मूळच्या ऑस्ट्रियन काडतुसाच्या मापाची का, याचे उत्तर त्यातच आहे. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः अमेरिकेतील बाजाराला धरून केले आहे. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील परवान्याचे नियम वेगळे असले, तरी रायफल पारखण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे.

अमेरिकेत हा बाजार दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला, आणि सॅम्युएल कमिंग्ज यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीसारख्या आयातदारांनी युरोपातील कोठारे विकत घेऊन त्या रायफली टपालानेसुद्धा मिळतील इतक्या स्वस्त केल्या. केनेडी यांच्या हत्येत वापरली गेलेली इटालियन कार्कानो रायफल अशीच शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने शस्त्रांची परस्पर टपालविक्री आणि सरप्लस लष्करी शस्त्रांची आयात या दोन्हींना आळा घातला, आणि १९८४ च्या दुरुस्तीने संग्राह्य ठरलेल्या जुन्या शस्त्रांपुरते आयातीचे दार पुन्हा उघडले. या सनावळीला व्यावहारिक अर्थ आहे, कारण नंतरच्या काळात आलेल्या रायफलींवर आयातदाराचे नाव कोरलेले असते, जुन्या आयातीवर ते नसते, आणि बिनशिक्क्याच्या रायफलीला संग्राहक अधिक किंमत देत असल्यामुळे नळीच्या तोंडाजवळ धातू घासून पुन्हा रंगवल्याची खूण दिसली तर तिचे कारण विचारणे भाग असते. तेथील संघराज्यीय कायदा पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपातले शस्त्र संग्राह्य मानतो आणि तीस डॉलरमध्ये तीन वर्षांचा संग्राहक-परवाना देतो. राज्यांचे कायदे मात्र याहून कडक असू शकतात.

रायफल हाती आल्यावर सर्वप्रथम तिचे क्रमांक वाचावे लागतात. आखूड ली-एनफिल्डच्या १९०७ मध्ये स्वीकारलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एकच अनुक्रमांक बॉडीवर, म्हणजे नळी जिच्यात घट्ट बसवलेली असते त्या मुख्य धातुभागावर, तसेच नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागे, मागच्या शिस्तीच्या पात्यावर आणि पुढच्या लाकडाच्या टोकावरील लोखंडी टोपणावर असणे अपेक्षित असते. हे सारे जुळले तर रायफल कारखान्यातून निघाली तशीच राहिली असण्याचा संभव वाढतो, एवढेच म्हणता येते. कारण अनेक सैन्यांनी महायुद्धानंतर रायफली सुट्या करून, तपासून पुन्हा जुळवल्या आणि जुने क्रमांक खोडून नवे मारले. सोव्हिएत मोझिन-नागांत रायफलींच्या बोल्टवर विद्युत लेखणीने लिहिलेला क्रमांक पुष्कळदा याच प्रकारचा असतो. विक्रेता जिला ‘सर्व क्रमांक जुळणारी’ म्हणतो, ती मुळात कोठारातील कामगाराने जुळवलेली असू शकते. त्यात लबाडी नाही, पण संग्राहकाने मूळ रायफलीचा भाव मात्र देऊ नये. उलट, चांदमारीसाठी घेणाऱ्याने अशीच, कारखान्यात संपूर्ण दुरुस्त झालेली, दिसायला ओबडधोबड रायफल शोधावी असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण तिच्या नळीची आणि बोल्टची कोणीतरी गेजने तपासणी केलेली असते.

भारतीय सैन्यातून निघालेल्या ली-एनफिल्ड रायफली या बाबतीत विशेष बोलक्या आहेत. बंगालमधील ईशापूर येथे बनलेल्या रायफलींवर आधी मुकुट आणि जी. आर. आय. ही सम्राटाची आद्याक्षरे दिसतात, प्रजासत्ताकानंतर अशोकस्तंभावरील सिंह व आर. एफ. आय. ही अक्षरे येतात. पुढच्या लाकडात आडवा बसवलेला मजबुतीचा स्क्रू आणि धातूवरचा काळा रंग हीदेखील भारतीय सेवेची लक्षणे होत. या काळ्या रंगाला पाश्चात्त्य संग्राहक नाक मुरडतात खरे, पण दमट हवेत लोखंड टिकवण्याचे काम त्याने चोख केले आहे. ‘डी. पी.’ ही अक्षरे असली तर ती रायफल केवळ कवायतीसाठी ठेवलेली होती, तिच्यातून गोळी झाडणे अभिप्रेत नव्हते. तारेने गुंडाळलेले पुढचे लाकूड बहुधा बॉम्बगोळे फेकण्यासाठी बाजूला काढलेल्या रायफलीचे असते, आणि अशा माऱ्याचा ताण सोसलेली बॉडी चांदमारीसाठी घेऊ नये. ईशापूरची .४१० इंची मस्कट ही पहारेकरी व पोलिसांसाठी तिसऱ्या आवृत्तीच्या रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून बनवलेली एकबारी बंदूक असून तिचे काडतूस .३०३ च्या पितळी कवचावरून घडवलेले आहे, म्हणून दुकानात मिळणारे .४१० चे छऱ्याचे काडतूस नावाच्या सारखेपणामुळे तिच्यात बसेल असे गृहीत धरणे चूक ठरते. साठच्या दशकात ईशापूरने ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनवलेल्या ‘टू-ए’ व ‘टू-ए-वन’ रायफली मात्र जुन्या .३०३ ला नवी नळी ठोकून केलेल्या नाहीत, त्या त्याच मापासाठी नव्याने घडवलेल्या आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्यांतील काहींच्या नळ्या कापून त्या ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या गेल्या. खऱ्या पाचव्या क्रमांकाच्या जंगल कार्बाइनमध्ये वजन घटवण्यासाठी बॉडीचा आणि नळीच्या मुळाशी असलेल्या जाड भागाचा धातू कोरून काढलेला असतो. नुसती ज्योत झाकणारी शंकूच्या आकाराची नळी पुढे लावल्याने कार्बाइन होत नाही.

याहून धोक्याची नक्कल खैबर भागातील कारागिरांची आहे. दर्रा आदमखेल आणि आसपासच्या गावांत हातानेच बनवलेल्या ली-एनफिल्ड दूरून अस्सल वाटतात, पण शिक्क्यांत अक्षरे उलटी कोरलेली असतात, एनफिल्डचे स्पेलिंग चुकलेले असते, आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे तिच्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे १९०१ नंतरच्या सालासोबत नांदताना दिसतात. अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी सैनिकांना १८९९ पूर्वीची शस्त्रे पुरातन वस्तू म्हणून घरी नेता येत, हे तिथल्या बाजारांना चांगले ठाऊक होते. परिणामी विसाव्या शतकात प्रथम बनलेल्या आखूड रायफलीवर एकोणिसाव्या शतकाचे साल ठोकलेले नमुने अमेरिकेत पोहोचले. त्यांतील पोलादाची प्रत कोणालाच ठाऊक नसल्याने ते भिंतीवर शोभतात, चेंबरमध्ये काडतूस घालण्यासाठी नव्हेत.

कधी रायफल अस्सल असते, सरकारी कारखान्यातली असते, चकचकीत असते, आणि तरीही झाडण्यास अयोग्य असते. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफिल्ड रायफलींपैकी स्प्रिंगफिल्ड कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या बॉडी ज्या काळात घडवल्या गेल्या, तेव्हा तापलेल्या पोलादाचे तापमान कामगार त्याच्या रंगावरून डोळ्यांनी ठरवीत, आणि उजेड बदलला की अंदाज चुके. काही पोलाद प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ झाले आणि अशा काही बॉडी प्रत्यक्ष वापरात फुटल्या. त्यांतील बहुसंख्य रायफली आयुष्यभर विनातक्रार चालल्या, हा युक्तिवाद विक्रेते आजही करतात, आणि तो खरा असूनही निरुपयोगी आहे, कारण कोणती बॉडी ठिसूळ हे बाहेरून दिसत नाही. सरकारी सरप्लस रायफली नागरिकांना विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्थासुद्धा त्या झाडू नयेत असाच सल्ला देते. जपानी अरिसाकांमध्ये शाळांतील कवायतीसाठी बनवलेल्या रायफली मिसळलेल्या असतात; त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, बॉडी ओतीव लोखंडाची असते, आणि त्या फक्त बिनगोळीच्या काडतुसांसाठी होत्या.

चांदमारीसाठी घेतलेल्या रायफलीत पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचा दर्शनी भाग आणि काडतूस चेंबरमध्ये ज्या ठिकाणी टेकते ती जागा यांतील अंतर. .३०३ चे काडतूस बुडाच्या कडेवर टेकत असल्याने हे अंतर त्या कडेच्या जाडीशी संबंधित असते, आणि लष्करी मोजपट्टीनुसार ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हावा व ०.०७४ इंचाच्या गेजवर होऊ नये. अंतर वाढलेले असेल तर बोल्ट मागच्या बाजूला अडकणाऱ्या या रचनेत पितळ ताणले जाते आणि काडतूस बुडाजवळ तुटते. चौथ्या क्रमांकाच्या ली-एनफिल्ड रायफलीत शून्य ते तीन असे आकडे टाकलेली बोल्टची डोकी बदलून हे अंतर कमी करता येते. तिसऱ्या आवृत्तीत डोके प्रत्येक रायफलीला स्वतंत्र बसवावे लागते, म्हणून दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणून लावणे हा स्वस्त उपाय महागात पडतो. चौथ्या क्रमांकाच्या उत्तर अमेरिकेत बनलेल्या साध्या आवृत्तीत बोल्टचे डोके ज्या खाचेतून वर काढतात तिची कड झिजून तुटलेली आहे का, हेही बघावे, कारण ती तुटली की डोके वापराच्या मधेच रुळावरून उसळते. नळीच्या आत दोनच खाचा दिसल्या म्हणून ती झिजलेली समजू नये. युद्धकाळात काही नळ्या मुद्दाम तशाच बनवल्या गेल्या आणि त्या चांगला नेम देतात. ग्रीजने भरलेली नळी मात्र पुसल्याशिवाय पाहण्यात अर्थ नाही, त्या थराखाली गंजाचे खड्डे लपतात.

दारूगोळ्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा थेट संबंध येतो, कारण .३०३ च्या असंख्य काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची अक्षरे आहेत आणि ती जगभरच्या सरप्लस पेट्यांतून आढळतात. काडतूस कोणत्याही कारखान्याचे असो, अनेक दशके उष्ण गोदामांत राहिल्यावर प्राइमर, म्हणजे बुडातील पेटणारी टोपी, मंदावतो आणि चाप ओढल्यानंतर क्षणभराने बार होतो; म्हणून बार न झाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून पुरेसा वेळ थांबल्याशिवाय बोल्ट उघडू नये. जुन्या प्राइमरमधील पोटॅशियम क्लोरेट जळून मिठासारखा क्षार नळीत राहतो, तो हवेतील ओल शोषतो आणि पावसाळी हवेत एका रात्रीतही गंज धरवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. ब्रिटिश सैनिक नळीत उकळते पाणी ओतत ते यासाठीच, आणि काच पुसण्याच्या द्रवाची जी कीर्ती नेमबाजांत पसरली आहे ती खरी त्यातल्या पाण्याची आहे. पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच तेल लावावे.

साफसफाईच्या नावाखाली होणारे नुकसान बहुधा भरून येत नाही. सँडपेपरने लाकूड घासले की त्यातले तपासनिसांचे शिक्के जातात आणि संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत त्यांसोबत जाते. लाकूड कोरडे वाटत असेल तर जवसाचे कच्चे तेल हाताने चोळणे पुरते. तिसऱ्या आवृत्तीच्या रायफलीचा मागचा दस्ता ज्या लांब बोल्टने धरलेला असतो त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते, त्यामुळे पुढचे लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला की लाकूड मागून उभे चिरते. पुढच्या लाकडाच्या त्याच भागात जुनी चीर आणि तिच्यावर भरलेला डिंक दिसला, तर आधीच्या मालकाने हेच केले असे समजावे आणि बाकीची तपासणीही अधिक बारकाईने करावी.

परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या मराठी संग्राहकांना एक अडचण उशिरा लक्षात येते: निवृत्तीनंतर गावी परतताना ही रायफल सामानात आणता येत नाही. भारतातील परवानाधारकालाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि लष्करी मापाचे शस्त्र त्यांत मोडत नाही. तेव्हा खरेदीची पावती, आयातदाराचा शिक्का दाखवणारी छायाचित्रे, शस्त्रकारागिराने मोजलेल्या हेडस्पेसची नोंद आणि सोबत मिळालेल्या सुट्या भागांची यादी एका फायलीत ठेवावी, रायफल कोणाला द्यायची हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, आणि परतीचे तिकीट काढण्यापूर्वी काही महिने ती परवानाधारक व्यापाऱ्याकडे विक्रीला द्यावी. कागदपत्रे असलेल्या रायफलीला नवा मालक लवकर मिळतो, आणि घाईघाईने विकलेल्या रायफलीला मिळेल ती किंमत घ्यावी लागते.