मदतीचा अर्ज आणि विक्रीची वही

कोरोनाच्या साथीत अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना थेट रोख मदत देण्यासाठी ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम’ ही योजना एप्रिल २०२० मध्ये जाहीर केली. मात्र मे महिन्यात अर्ज घेणे सुरू झाले तेव्हा रोपवाटिकांतील रोपे आणि कापलेली फुले पात्र मालाच्या यादीत नव्हती, त्यांचा समावेश ऑगस्टमध्ये झाला आणि अर्जाची मुदत ११ सप्टेंबरला संपली. यादीत आपला माल नाही म्हणून मे महिन्यातच विषय सोडून देणाऱ्या रोपवाटिकाधारकाला त्यामुळे जेमतेम एक महिना मिळाला. आपत्तीकाळातील याद्या घाईत तयार होतात व पुढे दुरुस्त होतात, म्हणून पहिला नकार अंतिम मानू नये आणि स्थानिक कृषी कार्यालयाशी संपर्क तोडू नये.

सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात रोपवाटिकांसाठी मोजणीची रीत बदलली. झालेले नुकसान सिद्ध करण्याऐवजी २०१९ मधील विक्री हा आधार धरला गेला आणि प्राप्तिकराप्रमाणे टप्प्याटप्प्याने दर लावले गेले: पहिल्या ४९,९९९ डॉलरच्या विक्रीवर १०.६ टक्के, त्यापुढे ९९,९९९ डॉलरपर्यंत ९.९ टक्के, आणि अशाच उतरत्या क्रमाने दहा लाखांपुढील विक्रीवर ८.८ टक्के. एका व्यक्तीला वा संस्थेला मिळणाऱ्या रकमेची सर्वसाधारण मर्यादा अडीच लाख डॉलर होती.

हे गणित सोपे असले तरी ‘विक्री’ या संज्ञेची व्याप्ती मर्यादित होती. उत्पादकाने स्वतः वाढवलेल्या मालाची विक्रीच तीत धरली जात असे. दुसऱ्याकडून आणून विकलेला माल, तसेच प्रक्रिया वा वेष्टनामुळे वाढलेली किंमत वगळावी लागे. रोपवाटिकेच्या एकाच गल्ल्यात घरची कलमे, बाहेरून आणलेली तयार झाडे, कुंड्या आणि खते या सर्वांचे पैसे जमा होतात, म्हणून हीच अट तिला सर्वाधिक अडचणीची ठरते. समजा, एकूण विक्री एक लाख डॉलर असून त्यातील चाळीस हजार फेरविक्रीचे आहेत. तर एकूण आकड्यावर सुमारे १०,२५० डॉलर मदत निघते, पण नियमाने देय रक्कम सुमारे ६,२९० डॉलरच असते आणि जवळजवळ चार हजारांचा फरक परत करण्याची वेळ येऊ शकते.

अर्जात आकडे अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर स्वीकारले जात असल्याने पैसे लवकर मिळत, परंतु आकड्यांची जबाबदारीही त्याच्यावरच राही. नंतरच्या नमुना तपासणीत कागदपत्रे मागितली जाऊ शकत आणि ती तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक होते. जमा झालेली रक्कम करपात्र उत्पन्न मानली जात असल्याने ती सगळी खर्च करणाऱ्याला करभरणीच्या वेळी पुन्हा पैशांची जुळवाजुळव करावी लागे.

अशा योजनेसाठीची खरी तयारी संकटापूर्वीच्या वर्षात करावी लागते, कारण आधारवर्षाची वही नंतर नव्याने लिहिता येत नाही. प्रत्येक बिलावर घरचा माल आणि खरेदी केलेला माल यांची वेगळी नोंद करावी, घाऊक खरेदीच्या पावत्या त्याच वर्षाच्या विक्रीसोबत ठेवाव्यात, अर्जातील प्रत्येक आकडा कोणत्या बिलांतून आला याचे टिपण अर्जाच्या प्रतीला जोडावे आणि कराचा अंदाजे हिस्सा रक्कम मिळताच बाजूला काढावा. ज्या आकड्याला बिलाचा आधार नाही, तो कितीही खरा वाटला तरी अर्जात लिहू नये.