शहामृगाची अंडी आणि टिटवीची अंडी

मुलांनो, इंदुरीच्या आमच्या अभ्यासवर्गात परवा एक मुलगा टोपीत चार अंडी घेऊन आला. इंद्रायणीकाठच्या खड्यांत सापडलेली, टिटवीची. "ताई, घरी न्यायची आहेत," तो म्हणाला. मी रागावले नाही. भाकरीबरोबर घरात काही नसले, की मुले असे शोधतात, हे मला ठाऊक आहे.

मी म्हटले, "बस. आज मोठ्या अंड्यांची गोष्ट."

शहामृग आज आफ्रिकेत आहे. उंची माणसाहून जास्त, पण उडता येत नाही. त्याचे एक अंडे म्हणजे कोंबडीची सुमारे 24 अंडी! हा पक्षी एके काळी आपल्या महाराष्ट्रातही होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषा कोरल्या आहेत. काही तुकड्यांचे मणी केलेले आहेत. जंगलात राहणारी ती माणसेही कलावंत होती! आज भारताच्या रानात शहामृग नाही.

न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचे पक्षी होते. सर्वांत मोठा मोआ मान उंच केली, तर 3 मीटरहून उंच. त्याला पंख नव्हतेच. सुमारे 700 वर्षांपूर्वी तिथे माणसे आली. त्यांनी मोआ मारले, अंडीही खाल्ली. मोआची पिल्ले थोडी आणि वाढही सावकाश. दोनशे वर्षांच्या आत एकही मोआ उरला नाही. मादागास्करमधला हत्तीपक्षीही असाच गेला. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची सुमारे 150 अंडी मावतील.

मुले गप्प झाली. एकीने विचारले, "टिटवीला तर उडता येतं ना, ताई?"

"येतं. पण अंड्यांना येत नाही."

तो मुलगा उठला. आम्ही सगळे नदीवर गेलो. टिटवी अजून ओरडत फिरत होती. अंडी होती तिथेच ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. थोड्या वेळाने ती खाली उतरली.

त्या दिवशीचे उकडलेले हरभरे मी त्या मुलाच्या घरी दिले. नुसते "अंडी उचलू नकोस" म्हणून भागत नाही, हा धडा माझ्यासाठी होता.

आता तुमचे काम: जमिनीवर अंडी घालणारे तुमच्या गावातले पक्षी कोणते? आजीला विचारा आणि वहीत लिहा.