कीटकपेटी परीक्षेनंतरही उपयोगी पडावी

कृषी पदवीचे विद्यार्थी कीटकसंग्रह करतात. गुण मिळाले की पेटी मुंग्या व बुरशीच्या स्वाधीन होते. नवी दिल्लीच्या पुसा राष्ट्रीय कीटकसंग्रहात पाच लाखांहून अधिक नमुने आहेत आणि त्यांचे मोल टाचणीखालच्या चिठ्ठीत आहे. गाव, दिनांक, पीक, संग्राहकाचे नाव नसेल तर देखणे फुलपाखरूही केवळ शोभेची वस्तू. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम नोंदली गेली. त्यापूर्वी ती येथे होती काय, हे जुन्या नोंदयुक्त नमुन्यांवरून तपासता येते. म्हणून प्राध्यापकांनी जातींच्या संख्येचा आग्रह सोडून एकाच गावातील एका पिकावरील किडी हंगामभर दर पंधरवड्यास गोळा करावयास सांगाव्यात. अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, आतील चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. साधी शाई विरघळते. नोंदींची प्रत सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावी. पुढील खरिपात सर्वेक्षणाचा काळ ठरविताना ती हाताशी राहील.