भूरूपांची ओळख : हिमालय आणि अंदमान

कोकणातून पूर्वेकडे पाहणाऱ्यास सह्याद्री हा पर्वतच वाटतो. समोर उभा कडा, त्यावर सुळके, आणि खिंडीखिंडींतून चढत जाणारे घाट. परंतु घाट चढून गेल्यावर पलीकडे तसाच उतार लागत नाही. विस्तीर्ण पठार सुरू होते. खंडाळ्याच्या कड्याकडे नीट पाहिले तर त्यात लाव्ह्याचे थर चळत लावल्याप्रमाणे एकावर एक, जवळजवळ आडवे पडलेले दिसतात. हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दोन भूपट्टांच्या टकरीत सापडलेला खडक इतका निवांत पडून राहत नाही. सह्याद्री म्हणजे पठाराची झिजून मागे हटलेली कड होय. भारतापासून सेशेल्सचा भूभाग विलग झाला, त्या फाटण्याशी तिचे नाते आहे, टकरीशी नाही.

तेव्हा उंची आणि उभेपणा एवढ्यावरून भूरूपाचे मूळ ठरविता येत नाही. थर कसे कललेले आहेत, कोणत्या वयाचा खडक कोणत्या खडकावर बसला आहे, आणि निरनिराळी भूरूपे कोणत्या क्रमाने शेजारी शेजारी आली आहेत, हे पाहावे लागते.

टकरीतून झालेल्या पर्वताची लक्षणे पाहावयाची असतील तर सहारनपूरहून डेहराडूनकडे जाणारा रस्ता फार उपयोगी आहे. मैदान सपाट असते आणि मोहंड येथे अचानक शिवालिकच्या टेकड्या उभ्या राहतात. त्यांचा मैदानाकडील अंग तुटक, तर डेहराडूनकडील उतार सौम्य आहे. आतील वालुकाश्माचे थर उत्तरेकडे कललेले आहेत. वर जावे तसे गोलसर गोट्यांनी भरलेले पिंडाश्म लागतात. हे गोटे नद्यांनी हिमालयातूनच वाहून आणले. म्हणजे पर्वताने स्वतःच्या झिजेतून मैदान रचले आणि पुढे त्याच मैदानाची कड उचलून आपल्या अंगाला जोडून घेतली! दून खोरे ओलांडून मसुरीच्या पायथ्याशी गेल्यावर याहून विलक्षण प्रकार आढळतो. तेथे पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचे व त्याहून जुने खडक एक कोटी वर्षांहूनही तरुण अशा शिवालिक खडकांच्या वर बसले आहेत. गाळाच्या खडकांत जुने खाली आणि नवे वर हा सामान्य नियम होय. तो असा उलटा झाला की वरचा भाग खालच्या भागावर ढकलला गेला, असेच समजावे लागते. अशा विभंगास क्षेप विभंग म्हणतात.

आणखी उत्तरेस, स्पितीच्या काळ्या शेलमध्ये आणि नेपाळातील काली गंडकीच्या खोऱ्यात सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. देवघरात पूजिला जाणारा शाळिग्राम हा पुष्कळदा अशा अ‍ॅमोनाइटाचाच अवशेष असतो. मात्र जीवाश्मावरून एवढेच कळते की तेथे समुद्र होता. तो समुद्र मिटला कोठे, याचा पुरावा लडाखात सिंधू नदीच्या काठाने मिळतो. निदर येथील काळपट हिरव्या खडकांत उशा रचून ठेवाव्यात तशा आकाराचा लाव्हा आहे. पाण्याखाली बाहेर पडलेला लाव्हाच असा आकार घेतो. उत्तरेकडे लेहच्या मागे फिकट ग्रॅनाइटची लडाख रांग आहे. टेथिस समुद्राचा तळ आशियाच्या खाली बुडत असताना खोलवर निर्माण झालेला शिलारस थिजून ती बनली. दक्षिणेस भारताचे खडक, उत्तरेस आशियाचे आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात समुद्रतळाचे अवशेष. ही दोन खंडांची शिवण होय.

लडाखात ही क्रिया सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी खंडाला खंड भिडल्यावर थांबली. भारतीय भूपट्टाच्या पूर्व कडेला, अंदमानापाशी मात्र समुद्रतळ अजूनही खाली जात आहे. तेथे पश्चिमेस खोल सागरी गर्ता, मध्ये खरवडून वर आलेल्या सागरी गाळाच्या घड्यांची बेटे आणि पूर्वेस ज्वालामुखी असा क्रम आढळतो. श्रीविजयपुरम् (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून सुमारे १३५ किलोमीटरवरील बॅरन बेट दीर्घकाळ शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले. २६ डिसेंबर २००४ च्या ९.१ प्रतीच्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा सुमारे एक मीटर वर आला, आणि प्रवाळ उघडे पडून मेले. त्याच वेळी ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचला, आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. किनाऱ्यावरील मृत प्रवाळांची पांढरी पट्टी ही भूरूपशास्त्राच्या दृष्टीने शिवालिकच्या कड्याइतकीच बोलकी आहे.

हिमालयाच्या पायथ्याशीही अशा लहान खुणा आहेत, आणि तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल शिखरांहून अधिक आहे. शेतांमधून, वस्तीजवळून काही मीटर उंचीची पायरी गेलेली दिसते. ती नदीने कापलेली असेल तर साधारणतः प्रवाहाला समांतर जाते. विभंगाने उचललेली पायरी ओढ्यांना आडवी छेदून पर्वताच्या कडेने पुढे जाते. हिमाचल प्रदेशातील काला अंब येथे अशा पायरीत चर खणले गेले, तेव्हा खालचे थर तुटून अलीकडच्या मातीवर सरकलेले आढळले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार गेल्या सुमारे साडेसहाशे वर्षांत तेथे निदान दोन मोठ्या भूकंपांनी जमीन फाटली होती.

पायरी नसली म्हणजे धोका नाही, असे मात्र नव्हे. ४ एप्रिल १९०५ रोजी कांग्रा येथील भूकंपात सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. तरीही विभंग भूपृष्ठापर्यंत आला नाही आणि पायथ्याशी नवी पायरी उमटली नाही.